पेवावरची घोंगडी

पुंजाराम : अजून एक रिकामं पोतं सोड खाली. जल्दी.

द्वारकाबाई : आधी वर या तुमी. आवाज बदलला तुमचा. भुईतल्या पेवातली वाफ वाईट असती म्हणून तुमीच सांगता ना समद्याला?

पुंजाराम : सकाळधरनं तोंड उघडं हाये पेवाचं. कंदील सोडला तवा विझला का? न्हाई. मंग? तीन पोते भरले, अजून दोन. आज सांजच्याला गाडीत टाकून तुझ्या भावाकडं पोचवतो. उद्या लेव्हीचा दाणा उचलायला सरकारी माणसं आली तर हुडकू दे त्यांना जमीन.

द्वारकाबाई : डोकं जड झालं का?

पुंजाराम : थोडं. आईला काय सांगितलं?

द्वारकाबाई : शेतात गेले म्हणून. पेवात दाणा हाये हे आत्याबाईला ठावं हाये. तुमी उतरलेत हे न्हाई. त्यांचा भाऊ पेवात उतरला अन् वर आलाच न्हाई. ऐकलं असतं तर पायाला मिठी मारून बसल्या असत्या.

गोजरबाई : (ओसरीतून) द्वारके! घोडं थांबलं गं दारात. लेव्हीचा गिरदावर हाये वाटतं!

द्वारकाबाई : अगं बाई! उद्या येणार होते ना? वर या, वर या!

पुंजाराम : मी वर येस्तोवर तो माजघरात असंल. शिळा ओढ तोंडावर. घोंगडी टाक वरून.

द्वारकाबाई : अन् तुमी?

पुंजाराम : घटकाभर गप बसतो. लईच झालं तर काठीनं शिळा वाजवीन. ओढ! वरसभराची भाकर हाये ही, द्वारके.

गोजरबाई : या साहेब, आत या. ऊन लई हाये. डोळ्यानं दिसत न्हाई मला आता, पण जागा समदी ठावी हाये. ही बघा घोंगडी, बसा हिच्यावर. घरात ही एवढीच जागा गार.

द्वारकाबाई : तिथं नका साहेब! मुंग्या हायेत. ओसरीवर बाज टाकते, वारा हाये तिकडं.

गोजरबाई : कशाच्या मुंग्या? काल सारवलंय. बसा साहेब, बसा.

दीनानाथ : बसतो आजी. बदनापूरहून घोड्यावर आलो, पाठीचा पार भुगा झाला. शिपाई घोडं घेऊन विहिरीवर गेलाय. घरधनी कुठं आहेत?

गोजरबाई : पुंजाराम शेतात गेल्ता सकाळीच. ताक घ्या साहेब. द्वारके, ताक आण.

द्वारकाबाई : साहेब, ताक मागनं घ्या. आधी घर बघून घ्या ना. बळद बघा, कणग्या बघा, चुलीमागं बघा. उठा, मी दावते.

दीनानाथ : अरे वा! आज सात घरं फिरलो. सगळीकडं दार अडवून उभे राहतात. झडती घ्या म्हणणारी बाई पहिलीच. घेऊ, घेऊ. दम तर खाऊ द्या.

द्वारकाबाई : दम बाहेर खा साहेब. हात जोडते.

गोजरबाई : काय चाललंय गं तुझं? पाहुण्याला असं हुसकतात का? साहेब, मनावर घेऊ नका. लेव्हीचं नाव काढलं की पोरगी घाबरती. आमी वाटा घातला बरं का बराबर. चार पोते दिले.

दीनानाथ : माहीत आहे. पण शनिवारच्या आत गावचे अजून पाच पोते पाहिजेत. हुकूम आलाय.

द्वारकाबाई : अजून? घरात नऊ तोंडं हायेत साहेब.

दीनानाथ : मला का सांगता बाई? जालन्यात रेशनच्या दुकानापुढं दोन-दोनशे माणसं उभी असतात. ओरडतात, दगड मारतात. ती रांग कचेरीच्या खिडकीतून दिसते. त्या रांगेसाठी तार जाते, हुकूम येतो, मी घोड्यावर बसतो.

द्वारकाबाई : अन् आमी कुठून दिसावं?

दीनानाथ : खरं सांगू? कुठूनच नाही. माझ्या कागदावर पोत्यांना रकाना आहे, तोंडांना नाही. मागच्या महिन्यात एका गिरदावरानं तोंडं मोजली. गावाची लेव्ही कमी लिहिली. त्याला घरी बसवलं. माझी बायको पहाटेपासून त्याच रांगेत उभी असते, कडेवर पोरगी घेऊन. मी काय करू?... हा कसला आवाज?

द्वारकाबाई : साहेब, उठा.

दीनानाथ : जमिनीतून येतोय. टक, टक. ऐका.

गोजरबाई : घूस हाये मेली. समदी जमीन पोखरून राह्यली. हाणा टाच एक जोरात, गप बसती.

द्वारकाबाई : नका साहेब!

दीनानाथ : ही घ्या. अजून एक. थांबली की खरंच.

गोजरबाई : म्हणलं न्हाई का मी? आता सांजपर्यंत हलायची न्हाई. मी पण काठीनं असंच गप करते तिला. द्वारके, ताक कुठं हाये? द्वारके! रडून कामून राह्यली तू?

द्वारकाबाई : घूस न्हाई आत्याबाई.

गोजरबाई : गप. साहेबासमोर भलतंच काही बोलू नको.

द्वारकाबाई : तुमचं लेकरू हाये खाली! साहेब, उठा. तुमच्या खाली पेव हाये. दाणा हाये त्यात, पाच पोते हायेत, समदे न्या. माझा माणूस हाये आत. उठा हो!

दीनानाथ : काय? बाजूला व्हा! धरा ही कड. जोर लावा. अजून... सरकली. पुंजाराम! अहो पुंजाराम!

गोजरबाई : पुंजा? माझा पुंजा? शेतात गेल्ता ना तो? द्वारके, शेतात गेल्ता म्हणली ना तू?

दीनानाथ : काही दिसत नाही. मच्छिंद्र! अरे मच्छिंद्र! गेला हा विहिरीवर. मी उतरतो.

द्वारकाबाई : तुमी न्हाई. तुमी पण तिथंच पडाल अन् मंग वर कोण ओढील? घोंगडी घ्या. तोंडातून खाली-वर झोडपा, वारा जाऊ द्या आत. अजून. जोरानं. आता पोते ओढायचा हा दोर माझ्या कमरेला बांधा. आत्याबाई, दोराचं टोक धरा.

गोजरबाई : मी टाच हाणाय सांगितलं. मी सांगितलं. देवा, मी सांगितलं गं.

द्वारकाबाई : धरा म्हणते ना! रडायला मागनं बसा.

दीनानाथ : बाई, श्वास धरून ठेवा. मी दहा मोजतो. दहा झाले की ते सापडले नाहीत तरी तुम्हाला ओढणार.

द्वारकाबाई : एकटीला ओढू नका.

दीनानाथ : सावकाश. पाय टेकले का? एक... दोन... सापडले का? तीन... चार...

गोजरबाई : पुंजा, वाजव रे बाबा. एकदा वाजव. आता घूस न्हाई म्हणत मी.

दीनानाथ : सात... आठ... बाई! बाई, बोला! दोर हलला. आजी, ओढा! पाय भिंतीला लावा अन् ओढा. यांचा हात दिसला. धरला. हा धरला मी.

गोजरबाई : हाये का? जित्ता हाये का? कुणीतरी सांगा मला, दिसत न्हाई मला!

दीनानाथ : ओठ निळे पडलेत. छाती... हलतेय. आजी, हलतेय छाती! बाई, तुमचा हात द्या. या वर.

द्वारकाबाई : मी बरी हाये. त्यांना बघा. अहो... अहो, ऐकून राह्यलात का? डोळे उघडा.

दीनानाथ : डोकं माझ्या मांडीवर असू द्या. पदरानं वारा घाला.

द्वारकाबाई : साहेब, पोते भरलेलेच हायेत खाली. तीन भरलेत, दोनाचा दाणा मोकळा हाये. न्या तुमी. एक शब्द काढणार न्हाई मी.

दीनानाथ : पाणी आणा.

मच्छिंद्र : (अंगणातून) साहेब! घोडं पाजून आणलं. काय गडबड चाल्ली आत? झडतीला येऊ का?

द्वारकाबाई : साहेब...

दीनानाथ : नको रे! तिथंच थांब तू. म्हातारीला चक्कर आली आहे.

पुंजाराम : द्वारके...

द्वारकाबाई : मी इथंच हाये. बोलू नका.

पुंजाराम : डोळ्यापुढं अंधारी हाये गं. समदं काळं दिसून राह्यलं. गिरदावर... गेला का?

दीनानाथ : गेला. तुम्ही श्वास घ्या.