चौथा ठिपका

ताई : हात हलवू नकोस, ॲलर्जीची तपासणी चाललीय. चौथा ठिपका मघाशी मुगाएवढा होता, आता वाटाण्याएवढा झालाय. कडेने लालीही पसरतेय.

भाऊ : खाजतोय गं! जरासं खाजवू?

ताई : खबरदार! पहिला तर खाजणारच, तपासणी नीट होतेय का कळावं म्हणून तो मुद्दाम खाजऱ्या औषधाचा घातलाय. दुसरा मिठाच्या पाण्याचा, बघ, ढिम्म. तिसरा बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सचा, ढिम्म. पाचवा यीस्टचा, ढिम्म.

भाऊ : आणि हा टम्म फुगलाय तो?

ताई : जव.

भाऊ : काहीतरीच! जवाशिवाय बिअर होते का? बाबांची अख्खी भट्टी जवावर चालते.

ताई : तुझ्या कातडीला बाबांची भट्टी माहीत नाही. खरं सांग, प्रत्येक नव्या पिंपाचा पहिला ग्लास तू बाबांसमोर पितोस. तेव्हा अंगावर गांधी कशा उठत नाहीत?

भाऊ : आधी गोळी घेतो. तुझ्याच कपाटातली.

ताई : शहाणाच आहेस! गोळीने गांधी दबतात रे. घसा आवळला तर?

भाऊ : गेल्या खेपेला आवळला होता. थोडासा.

ताई : आणि हे तू मला आज सांगतोयस?

भाऊ : आज बाबा भट्टीच्या किल्ल्या देणार आहेत! सगळ्यांसमोर ग्लास रिकामा केल्याशिवाय किल्ल्या नाहीत, माहितीय ना तुला? थांब, ताई! हा शेवटचा कशाचा?

ताई : तांदळाचा. सपाट आहे.

भाऊ : सपाट! अगं, खरंच सपाट! मागच्या शेडमध्ये मी चोरून तांदळाची बिअर केलीय. जवाचा दाणा नाही तीत. ती प्यायलो की काहीच होत नाही. मला वाटायचं, नशीब!

ताई : नशीब कसलं, वेड्या, हा घे पुरावा! आधी नाचायचा थांब, हात टेबलावर! बाबांना सांगितलंस?

भाऊ : आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं.

(फोन वाजतो. भाऊ स्पीकर लावतो.)

बाबा : अरे, आहेस कुठे? ग्लास भरून ठेवलाय, फेस बसला. सगळे खोळंबलेत.

भाऊ : बाबा, मला जव सोसत नाहीत. घसा आवळतो. ताईने आत्ताच तपासलं.

बाबा : ताई, खरं का गं?

ताई : खरं आहे, बाबा. तो ग्लास त्याला देऊ नका.

बाबा : हं. म्हणून मागच्या शेडमध्ये ते तांदळाचं पिंप होय?

भाऊ : तुम्ही... चाखलीत? कशी लागली?

बाबा : ते नंतर. आधी बोल, किल्ल्या घेतोयस की नाही?

भाऊ : घेतोय, बाबा. पण पहिला ग्लास त्या पिंपातला.