उड्डाणाआधीचा घेवडा

सन्माननीय अध्यक्षबाई, मंचावरचे सरकारी अधिकारी, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली कंपनीची मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या टायटसविलकरांनो, तुम्हा सर्वांना या ओडेलबाईचा मनापासून नमस्कार.

आज निवृत्त होणारा हार्लन हा माझा जावई. मला अक्षरओळख नाही, तेव्हा भाषण लवकर आटपेल अशी त्याला आशा आहे. बसा जावईबापू, ऐसपैस बसा.

आपल्या गावाशेजारच्या तळावरून अंतराळयान उडालं की नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांना घेवडा आणि मक्याचा पाव, ही इथली जुनी रीत. पातेलं माझं. उड्डाणाआधी घास कोणी घ्यायचा नाही. पण घेवडा आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो. म्हणजे यान उडणार, हे सगळ्यांच्या आधी मलाच धरून चालावं लागायचं!

मग सरकारनं आपली यानं बंद केली. आपली माणसं रशियाच्या रॉकेटातून जाऊ लागली, गावातली घरं ओस पडली, पातेलं पालथं झालं. पुढे सरकारनं नवी सोयरीक जमवली. रॉकेट कंपनीनं बांधायचं, अंतराळवीर सरकारनं द्यायचे, आणि सरकारतर्फे ते सगळं तपासायला आमचा हार्लन. सोयरीक म्हटली की रुसवेफुगवे आलेच. हा रोज जेवताना कुरकुरायचा. ती कंपनीची पोरं चपला घालून कामावर येतात, धंद्याची घाई त्यांना, एक दिवस आपली माणसं गमावतील. त्यांची उड्डाणप्रमुख मारिसोल तर याच्या मुलीच्या वयाची. तिचं नाव निघालं की याला ठसका लागायचा.

पहिल्यांदा माणसं घेऊन उडायचा दिवस आला. दोघं अंतराळवीर आत बसलेले, किनाऱ्यावर अख्खं गाव, राजधानीहून आलेले बडे पाहुणे. ढग जमत होते, पण नियमात बसत होते. सरकारी साहेब हो म्हणाले. हार्लनही हो म्हणाला. मारिसोल म्हणाली, ही हवा मला आवडत नाही, माणसं खाली उतरवा. पाहुणे तोंड वाकडं करून उठले. ते गाडीत बसेपर्यंत तळाजवळ वीज कोसळली.

हार्लन थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. बसलासुद्धा नाही.

"आई, घेवडा शिजवा."

"अजून उडालंय कुठे?"

"मी हो म्हणून बसलो होतो. त्या पोरीनं माझ्या तोंडावर नाही म्हटलं. शिजवा."

पातेलं त्यानं स्वतः उचलून कंपनीच्या पोरांपुढे नेलं. सगळी माना खाली घालून बसलेली. पहिला डाव मारिसोलच्या ताटात. ती बिचारी म्हणाली, "सर, उड्डाणाआधी चालतं का?"

"नियम तपासायला मला ठेवलंय," हा म्हणाला. "जेव."

आणि मग त्याच आठवड्यात, मंडळी, ते उडालं! माझ्या कपाटातल्या बशा वाजल्या, शेजारची कोंबडी छपरावर चढली, आणि हा माझा दगडासारखा जावई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. दोघंही सुखरूप परत आले. तेव्हापासून पातेल्यापुढे रांग एकच, सरकारी टायवाल्यांची आणि कंपनीच्या चपलावाल्यांची.

उद्या पुन्हा चौघं निघालीत. घेवडा आज मारिसोलनं भिजत घातलाय, मी नाही. डावही आता तिच्याच हाती. हार्लन, उद्या तू ताट घेऊन रांगेत उभं राहायचंस, आणि मध्ये घुसायचं नाही.

आपण सर्वांनी या म्हातारीचं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. पोटातली बाकीची जागा उद्याच्या घेवड्यासाठी ठेवा.