घाटावरचा शेवटचा शॉट

(बुरहानपूर, राजपुरा. लीलाधरच्या घरची माडीवरची खोली, बाहेरचा आवाज अडवायला खिडकीला गोधड्या टांगलेल्या. भर दुपारी लाइट गेली आहे, म्हणून मागच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद आहेत. गादीवर एक माइक आणि एक लॅपटॉप, भोवती तिघे.)

लीलाधर: ...तर मी जसोंडीला लग्नात होतो. मंडपात माइक लावत होतो. माझ्याच स्पीकरच्या बॉक्सवर गाणं चालू होतं. विपुल आला. मला वाटलं, वायर मागायला आला असेल.

विपुल: स्टेजच्या मागून आलो मी. तुझी पाठ होती.

लीलाधर: तू काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, काय? तू परत बोलला. बॉक्स कानाशी होता, मला नुसतं तुझं तोंड हलताना दिसलं. मग तू ओरडला, आणि तेवढ्यात कोणीतरी गाणं बंद केलं. सगळ्या लग्नाने ऐकलं. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. मला तिचंच वाईट वाटलं तेव्हा. स्वतःचं तोपर्यंत काही कळलंच नव्हतं.

रश्मी: बस ना, विपुलदादा. हे पॉडकास्टवर कशाला?

विपुल: रश्मी, रेकॉर्डिंग चालू आहे.

रश्मी: म्हणूनच म्हणते. ऐकणाऱ्याला हे पण माहीत नाही की बोलतंय कोण आणि गेलं कोण.

विपुल: सांगून राहिलो ना, धीर धर. तर मंडळी, 'घरचा पिक्चर'मध्ये आज सुरुवात उलटी झाली. मी विपुल, लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात पिक्चर. समोर लीलाधर, लग्नात माइक लावतो, पिक्चरमध्ये पण तोच लावतो. आमची तिसरी होती पूर्णिमा, लीलाची बायको. कॉलेजात शिकवायची, पोरांकडून मोबाइलवर पिक्चर काढून घ्यायची. पावसाळ्याच्या आधी कॉलेजच्या जिन्यावर पडली. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्यातच गेली, आणि तेच मी मंडपात ओरडून सांगितलं. आज तिच्या जागेवर तिची धाकटी बहीण बसली आहे, रश्मी.

रश्मी: तिची जागा मी सोडून बसलेय. बघ नीट.

विपुल: बघा, बहीण पण तशीच. एक वाक्य सुखाने बोलू देत नाही. बरं, लाइट यायच्या आत मुद्द्यावर येतो, नाहीतर लूम चालू झाले की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मंडळी, तुम्ही सगळे विचारून राहिले होते की पूर्णिमाचा पिक्चर कुठे अडकला. तर खुशखबर आहे. पिक्चर पुरा झाला. नव्या पोरांच्या पिक्चरचा जो फेस्टिवल भोपाळला होतो, त्याला मी काल पाठवला.

लीलाधर: काय पाठवला?

विपुल: पिक्चर, यार.

लीलाधर: कोणता पिक्चर? त्याचा आवाज माझ्याकडे आहे. साफ झालेला नाही.

विपुल: तुझ्याकडे तुझ्या माइकचा आहे. कॅमेऱ्यात आलेला माझ्याकडे होताच. तोच ठेवला. पूर्णिमाचा आवाज जसा आहे तसा ठेवला.

रश्मी: म्हणजे शॉट चालू असताना ताई जे बोलायची, ते सगळं?

विपुल: सगळं. मंडळी, नवीन आहेत त्यांना सांगतो. पिक्चरमध्ये एकच बाई आहे, जसोंडीची धुरपदाबाई. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही. आधी समजावून सांगितलं की घाबरायची, हात-पाय आखडायचे. म्हणून पूर्णिमा कॅमेऱ्यामागून बोलत राहायची आणि बाई तसं करत जायची. हा आवाज नंतर काढून टाकायचा, हे ठरलेलं होतं.

रश्मी: ठरलेलं होतं, हे तूच म्हणतोस. मग?

विपुल: मग मी ऐकलं. आणि मला वाटलं, काढायचं कशाला? सुन ना, एक तुकडा लावतो. शेवटचा शॉट, तापीच्या राजघाटावरचा.

लीलाधर: लावू नको.

विपुल: छोटासा आहे, लीला.

लीलाधर: विपुल, लावू नको म्हटलं ना.

पूर्णिमाचा आवाज: हां धुरपदामाय, उतर. सावकाश. गाठोडं काखेत घे, डोक्यावर नको. पाण्याकडे बघ. माझ्याकडे नाही गं, मी काय देवी आहे का? पाण्याकडे. अहो माइकवाले, सावली पडतेय तुमची, सरका जरा. अजून. आता नदीत पडा एकदाचे! हां, थांब माय, नाव येतेय बघ. येऊ दे. बघत राहा. आता परत फिर. फिर, माय. छान. चालत राहा, मागे बघू नको.

रश्मी: बंद कर. बंद कर ते.

विपुल: केलं. रडली ना? मी पण रडलो. तिथे लोक पण रडतील. मतलब, एवढं खरं कुठे ऐकायला मिळतं?

रश्मी: लोकांना रडवायला ताईने पिक्चर काढला होता का?

विपुल: लीला, बोल काहीतरी. तुला कसं वाटलं?

लीलाधर: ते 'नदीत पडा' पण गेलं का फेस्टिवलला?

विपुल: अरे, तेच तर सगळ्यात भारी आहे.

लीलाधर: ते मला म्हणाली होती. फेस्टिवलला नाही.

विपुल: देख, तुला राग आला, समजतं मला. पण तू काय केलं ते पण सांग. पावसाळा गेला, दिवाळी गेली. विचारलं की म्हणतो, बसतो, बसतो. इथे, याच गादीवर बसून आपण पोरांना काय सांगतो? कॅमेरा नसेल तर मोबाइल घ्या, लाइट नसेल तर उन्हात काढा, पण पुरा करा. आणि घरचा पिक्चर पडून आहे. पोरं मेसेज करतात, सर, तुमचा कुठंय? काय सांगू? माइकवाल्याने कपाटात ठेवलाय?

लीलाधर: हाव. ठेवलाय.

विपुल: का पण?

लीलाधर: साफ करायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं. एक शब्द काढायचा तर तो कुठून सुरू होतो, कुठे संपतो, हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. मग तो मिटवायचा. मी बसतो, कानाला लावतो, ऐकतो. मग बंद करून कपाटात ठेवून देतो.

रश्मी: जिजाजी, मूळ तर राहतंच ना. कॉपीवरच करायचं असतं.

लीलाधर: राहतं. मला माहीत आहे. तरी मिटवणारा मीच आहे ना, रश्मी.

विपुल: म्हणूनच मी तुझं काम सोपं केलं! नको मिटवू. राहू दे. तुला पण ती पाहिजे, मला पण पाहिजे. मग अडचण कोणाला आहे?

रश्मी: तिला.

विपुल: कोणाला?

रश्मी: ताईला. याच पॉडकास्टवर बोलली होती ती. तूच तिला विचारलं होतंस की एवढी बडबड करतेस, ती पिक्चरमध्ये ठेवणार का. म्हणाली, माझा एक शब्द जरी राहिला तरी पिक्चर तापीत बुडवीन.

विपुल: तेव्हा ती होती, रश्मी.

रश्मी: आणि आता नाही, म्हणून तिचं चालत नाही?

विपुल: तू माझ्या तोंडी नको ते घालू नको. मी काय परका आहे? त्या शॉटला मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. बाई सहा वेळा उतरली, सहाही वेळा मी पाण्यात. सर्दी झाली तर हीच पूर्णिमा म्हणाली, नाटकं करू नको, कॅमेरा कोरडा आहे ना?

रश्मी: तिला तू कमी आणि कॅमेरा जास्त आवडायचा.

विपुल: कॅमेरा उलट बोलत नव्हता ना.

लीलाधर: मला म्हणायची, विपुलला चहा जास्त द्या, तो पाण्यात उभा आहे.

विपुल: असं म्हणायची?

लीलाधर: हाव. तुझ्यासमोर नाही म्हणायची.

रश्मी: आली लाइट. पंखा लागला बघ.

विपुल: गेलं. लूम चालू झाले. थांबवू का रेकॉर्डिंग? नुसता खडखडाट येईल.

लीलाधर: चालू राहू दे. मला तुला एक विचारायचं आहे.

विपुल: जोरात बोल मग.

लीलाधर: त्या शॉटमध्ये काय आहे, सांग.

विपुल: तुला माहीत नाही का?

लीलाधर: तू सांग. तू काढला तो.

विपुल: म्हातारी घर बंद करून लेकीकडे निघते, कायमची. लेक नदीपलीकडे. घाटावर येते, नाव येते, पण ती बसत नाही. परत फिरते.

लीलाधर: का फिरते?

विपुल: तिच्या मनात येतं म्हणून.

लीलाधर: तिला कोणी सांगतं का, फिर म्हणून?

विपुल: नाही. तेच तर... नाही.

लीलाधर: तू पाठवला त्यात सांगतं. 'आता परत फिर, माय.' आणि ती फिरते. विपुल, पूर्णिमाला सगळ्या पिक्चरमध्ये एवढंच पाहिजे होतं. म्हातारीला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, इथे बस, तिथे जा, आता लेकीकडे जा. घाटावर पहिल्यांदा तिला कोणी काही सांगत नाही आणि ती आपल्या मनाने फिरते. तुझ्या पिक्चरमध्ये तिथे पण कोणीतरी सांगतं. आणि सांगणारी पूर्णिमाच.

रश्मी: विपुलदादा?

विपुल: ऐकलं मी.

रश्मी: मग सांग, कशाला ठेवलास तो आवाज?

विपुल: मला एवढंच माहीत होतं की तो आवाज ऐकला की ती इथे आहे असं वाटतं. बस. पिक्चरचा विचार मी केलाच नाही, यार. लीला, तुझं ठीक आहे. तू कपाट उघडलं की तुझ्याकडे ती आहे. माझ्याकडे काय आहे? हा कॅमेऱ्याचा फाटका आवाज. तो मी दहादा ऐकतो आणि कोणाला सांगू शकत नाही. बायकोला काय सांगू? म्हणून म्हटलं, सगळ्यांनाच ऐकवावा.

लीलाधर: इथे येऊन ऐक ना. मी नाही म्हटलं का कधी?

विपुल: तू दार कुठे उघडत होता? दोनदा येऊन गेलो. खाली राहणाऱ्या रंभाबाईने सांगितलं, वर आहे पण हाकेला ओ देत नाही.

लीलाधर: आता उघडीन. पण तो फेस्टिवलमधून काढून घे.

विपुल: बदलता येतो. परवापर्यंत दुसरी फाइल टाकता येते. तू साफ करून देशील?

लीलाधर: परवापर्यंत नाही होणार.

विपुल: तू बसला तर होईल. मी बसतो तुझ्याबरोबर.

लीलाधर: नाही होणार, विपुल. मी उगाच हो म्हणणार नाही. तिचा आवाज काढला की त्याच्याबरोबर पाण्याचा पण जातो, पायांचा पण जातो. सगळे एकातच आहेत. मग ते सगळं नव्याने घ्यावं लागेल.

विपुल: म्हणजे हे साल गेलं.

लीलाधर: गेलं.

विपुल: आणि धुरपदाबाई? तिला मी काल फोन करून सांगून बसलो, माय, तुझा पिक्चर भोपाळला चालला. म्हणाली, नवीन लुगडं घेऊ का? मी म्हटलं, घे.

रश्मी: देवा! तिला पण सांगून टाकलं?

विपुल: खुशीत होतो मी!

लीलाधर: तिला मी जाऊन सांगतो. तुझ्याने नाही होणार, तू पुन्हा काहीतरी कबूल करून येशील.

रश्मी: मी येते सोबत. लुगडं तर तिला घेऊन देऊच आपण.

विपुल: मग काढू? नक्की? एकदा काढलं की या वेळचं संपलं, लीला. पुन्हा म्हणू नको.

लीलाधर: काढ.

विपुल: नेट आलं का बघतो. आलं. हे घे, विचारतंय, खरंच काढायचं का.

रश्मी: दाब ना.

विपुल: दाबतो. दाबलं. गेलं. बघ.

लीलाधर: मला नको दाखवू. तुझ्यावर विश्वास आहे माझा.

विपुल: कालपर्यंत होता का?

लीलाधर: काल मला माहीत नव्हतं.

रश्मी: मी चहा ठेवते. भांडायचं असेल तर मी येईपर्यंत थांबा.

विपुल: साखर जास्त टाक. आणि लीला, हा एपिसोड? अर्ध्यात लूमच लूम आहे. शेवटी काय म्हणू? आधी खुशखबर म्हणून बसलो, आता पोरांना काय सांगू?

लीलाधर: जे आहे ते सांग. पिक्चर अर्धा आहे म्हण. राजघाटावर जाऊन पाण्याचा आणि बाईच्या पायांचा आवाज घ्यायचा राहिलाय.

विपुल: बस, एवढंच?

लीलाधर: आणि पूर्णिमाचा काढायचा राहिलाय.