स्टेशनपर्यंतची शतपावली

नाही हो, रुसून नाही बसलो – घरातच जायचंय, फक्त जाता येत नाहीये. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर नवीन आलात ना, मग माहीत नसेल. आमची नात सायली पंधराशे मीटर पळते. पळायची, म्हणायचं. गेल्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा होती – सकाळी प्राथमिक फेरी, संध्याकाळी अंतिम. सकाळी पोरगी पहिली आली. दुपारी घरी येऊन वरणभात जेवली आणि आडवी झाली. आता जेवल्याजेवल्या आडवं होणं आमच्या घरात कुणी केलंय? उठवली. म्हटलं, शतपावली. शंभर पावलं? छे – नाशिक रोड स्टेशनपर्यंत आणि परत, तेही भरभर, मी हातातल्या घड्याळाकडे बघत. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं प्रत्येक फाईल ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून वर ढकलली. आयुष्यात स्वतः घेतलेला निर्णय हा एकच.

संध्याकाळी शेवटच्या चकरेत तिचे पाय दगड झाले. आठवी आली. तिला पळायला शिकवणाऱ्या संघर्ष सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं – जीव तोडून पळालं की मांडीत साठवलेली साखर संपते, आणि अशी रिकामी मांडी जेवणातली साखर भराभर ओढून घेते, पण माणूस स्वस्थ पडला तर. रमतगमत चाललं तरी निभतं. दामटून चालवलं की साठायच्या आत खर्च. म्हणजे टाकी भरत होती आणि मी खालचा नळ सोडून उभा.

तिला सांगितलं का? – नाही. ती म्हणाली, आजोबा, माझ्यातच दम नाही. आणि मी काय म्हणालो? असतं एकेकाचं शरीर. – हे तुम्हाला कशाला सांगतोय मी. आज पाचपर्यंत निवड चाचणीला नाव द्यायचंय, ती म्हणते, देणार नाही, पळणंच सोडलं. सर म्हणाले, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. जेवण झाल्यापासून या बाकावर मनात मसुदे करतोय. सहा मसुदे झाले, सहाच्या सहा मसुद्यांत दोष वरणभाताकडे जातो. सांगावं तर ही पोर पुन्हा माझं काही ऐकायची नाही – आणि घरात माझं ऐकणारी ती एकटीच.

साडेचार? – आली बघा, जिन्यातून. नाही, तुम्ही थांबू नका. उठा, तिला बसायला जागा हवी. जा तुम्ही. – सायली, बस जरा इथे. त्या दिवशी जेवल्यावर तुला चालवलं ना मी –