पिंजऱ्यातली खाट

(कारंजा लाड, फेब्रुवारी २०२०. गुलाम नबीचं मोटर वाइंडिंगचं दुकान. वांगी विकून आलेला पुंजाजी.)

पुंजाजी : मोटर तशीच पडून आहे. काहून रे, तब्येत बरी नाही का?

गुलाम नबी : सकाळी महमूदचा फोन आला, मिसरहून. इजिप्त म्हनतेत त्याले. मी तिथं सूतगिरणीत फिटर होतो, तवाचा सोबती. त्यायचा जुना राष्ट्रपती मेला परवा.

पुंजाजी : तुह्या ओळखीचा?

गुलाम नबी : त्याचा फोटो ओळखीचा. फाटकावर, दवाखान्यात, चहाच्या दुकानात. तीस वर्सं तोच फोटो.

पुंजाजी : इतकी वर्सं निवडून कोन देये?

गुलाम नबी : लई वर्सं तर मतपत्रिकेवर दुसरं नावच नसे. पहिले फौजेत इमानं उडवाचा. आधीच्या राष्ट्रपतीले परेडमधी गोळ्या घातल्या, तवा हा बाजूच्याच खुर्चीवर. वाचला, अन् गादी त्यालेच भेटली. लोकं घरातबी त्याचं नाव हळूच घेत.

पुंजाजी : मंग पडला कसा?

गुलाम नबी : पोट्टे चौकात येऊन बसले, हलेचनात. महमूदचा पोरगाबी गेला. कॉलेजात होता. त्याले पोलिसायची गोळी लागली, मानेत. मय्यत आमीच उचलली. मंग राष्ट्रपतीनं गादी सोडली. सारी गल्ली नाचून राह्यली होती, अन् महमूद दार लावून आत.

पुंजाजी : केस नाही चालली?

गुलाम नबी : चालली ना. कोर्टात लोखंडी पिंजरा, त्यात खाट, अन् खाटेवर हा, बिमार म्हनून. महमूद पोराचा शर्ट मांडीवर घेऊन टीव्हीपुढं बसे. जन्मठेप झाली तवा मी इकडं परतलो होतो; त्या दिवशी मले फोनवर म्हने, आज पोटभर जेवलो. मंग वरच्या कोर्टानं सजा रद्द केली. पुढं सुटलाच तो.

पुंजाजी : सुटला?

गुलाम नबी : घरी गेला. अन् काल तोफा देऊन दफन केला. झेंड्यात गुंडाळलेली पेटी, घोड्यायची गाडी. महमूदनं सारं पाह्यलं.

पुंजाजी : काय म्हने तो?

गुलाम नबी : मले इचारे, तुमच्या गावात याले कोनी ओळखते का? म्या म्हनलं, नाही. मंग म्हने, अन् मह्या पोराले?

पुंजाजी : तू काय सांगतलं?

गुलाम नबी : ओळखतेत म्हनलं. तोंडातून निघून गेलं. मह्या बायकोले, शाहजादीलेबी म्या कधी धड सांगतलं नाही त्याचं.

पुंजाजी : नाव काय पोराचं?

गुलाम नबी : करीम.

पुंजाजी : मोटर राहू दे. दिसाले कसा होता तो?