कुलपाची राखण

हसू नका, पण कुलूप लावल्यावर ते ओढून पाहायची खोड मला तरुणपणापासूनच आहे. एम.ए. होऊन कोळवणच्या शाळेत लागलो, तेव्हा पुण्याहून भलंमोठं पितळी कुलूप नेलं होतं. पहिल्या दिवशी शाळेतून परतलो, तर शेजारच्या पारूबाई विळा घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसलेल्या.

“चोर आला होता का?” मी कुलूप ओढून पाहत विचारलं.

“न्हाई वो गुरुजी. हितं कुनी कुलूप लावत न्हाई. तुमी लावलं, म्हंजी आत सोनंनाणं असंल. म्हनून सकाळधरनं राखणीला बसलीया.”

मी ओशाळून दार उघडलं. आत पुस्तकं, स्टोव्ह आणि वाळत घातलेला पंचा.

“ह्याच्यापायी माझी भातलावणी बुडवली व्हय? आता चला आमच्याकडं भाकरी खायाला. आन् दार ऱ्हाऊ द्या उघडं, मला बी जेवायचंय!”