शांतता हवी का?

...पानं हो, पानं! झाडाची वाळकी पानं! त्या पानांपायी माझं ब्लडप्रेशर वाढलं, असं डॉक्टरला सांगितलं तर तो माझ्याकडं असा बघायला लागला की... जाऊ दे. तुम्हा सभागृहातल्या पाहुण्यांना सांगतो, तिकडं आमच्या राज्याच्या राजधानीत महापालिकेची माणसं सकाळी सकाळी पानं उडवायचं यंत्र घेऊन फिरतात, घर्रर्र, आणि एका रिटायर्ड दंतवैद्याची झोप मोडते. दंतवैद्याची! ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात घर्रर्र केलं! बरं, मोडली झोप, तर जा महापालिकेत, भांड, टेबलावर मूठ आपट. नाही! यानं दुकानांच्या दारात टेबल मांडलं, सह्या गोळा केल्या (आमच्याकडं सह्या पुरेशा झाल्या की कुणाचाही प्रश्न निवडणुकीत मताला जातो!) आणि प्रश्न थेट मतपत्रिकेवर: 'तुम्हाला शांतता हवी का?' आता नको कोण म्हणणार? पडली धो धो मतं, आणि कलम पक्कं: सरकारी यंत्राचा आवाज मिक्सरपेक्षा मोठा नसावा! लिहिलं कुठं? नियमात? कायद्यात? छे! आमच्या राज्याच्या घटनेत, महाराज, घटनेत!

आता आमचं गाव केवढं! धान्याची कोठी, चर्च, पेट्रोल पंप आणि मी. मी म्हणजे हारलन टोव्ह, स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. मोबाइलला रेंज नाही. आहे तो एक भोंगा, खांबावरचा, सरकारी. तो वाजला की जो तो असेल तिथून पळत सुटतो, कुणी ट्रॅक्टरवरून, कुणी न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनं. दंतवैद्यानं गाड्यांवरचे भोंगे वगळले होते हो, पण आमच्या बंबावर भोंगाच नाही! आणि खांबावरचा? तो त्याच्या शहरात नाहीच, मग आठवणार कुठून? आणि आमच्या जिल्ह्याचा वकील, ग्रोव्हर, मला दम देतो, "हारलन, बटणाला बोट लावलंस तर दलाचा विमा गेला म्हणून समज!" तेव्हापासून मी धूर हुंगत फिरतोय. शेजाऱ्यानं मांस भाजायला घेतलं तरी मी बादली घेऊन त्याच्या दारात!

आणि एक दिवस भरदुपारी खरंच धूर. इडिथ ब्रेकीबाईंचा गोठा! बाई म्हणजे अख्ख्या गावाला वाचायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. माझी बायको व्हर्ना ओरडते, "हारलन, भोंगा!" मी म्हणतो, "व्हर्ना, घटना!" ती म्हणते, "खड्ड्यात गेली तुझी घटना!" शेवटी काय केलं? माझी गाडी काढली. खाजगी आहे ना! तिचा हॉर्न दाबून धरला आणि गावभर बोंबलत फिरलो, "आग! आग!" लोकांना वाटलं, हारलनच्या पोरीचं लग्न ठरलं! हात हलवताहेत मला, अभिनंदन म्हणताहेत!

पोचलो तोवर गोठा आडवा. धुरात बाई दिसेनात. मग आल्या, काखेत शेळी, भुवया जळलेल्या, आणि म्हणाल्या, "हारलन, तुला वाचायला शिकवलं ते हे असलं वाचायला?"

गेलो आमच्या आमदारीणबाईंकडं, डेलोरसकडं. ती बिचारी म्हणते, "साधा कायदा असता ना, तर मंगळवारी जेवायच्या आधी बदलून दिला असता. पण हे आहे घटनेत. आम्ही नुसतं बघायचं. तू सह्या गोळा कर, निवडणुकीची वाट बघ."

"आणि तोवर?"

"तोवर आग लागू देऊ नका."

ऐका! घटनेत, महाराज, घटनेत!

मग काय, कडाक्याच्या थंडीत मी आणि ब्रेकीबाई शहरात, दुकानाच्या दारात, टेबल मांडून. "सही करता का? भोंग्यासाठी?" "आवाज वाढवायला? नको बाबा!" एक चिरंजीव म्हणाला, "आजोबा, ॲप घ्या की!" बाईंनी त्याला असं झापलं की त्यानं सही केली, वर मैत्रिणीचीही करायला निघाला, ती बाईंनी करू दिली नाही. आणि मतपत्रिका केवढी! आमच्या आधी कासवांचा प्रश्न, आमच्यानंतर दारूच्या दुकानांचा, माणूस आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याची शाई संपलेली असते नाहीतर धीर! नखं खाल्ली मी. पण जिंकलो, काठावर! आता आमचा भोंगा कुठं? घटनेत, महाराज, घटनेत! गावानं सफरचंदाचे केक भाजले, ग्रोव्हरसुद्धा नाचला.

आणि जूनमध्ये माळरानापलीकडून आलं ते... चक्रीवादळ. काळी सोंड जमिनीपर्यंत. मी धावलो बटणाकडं, तर ग्रोव्हर आडवा! "हारलन, 'आग लागल्यास' एवढंच लिहिलंय. मसुद्यातलं 'वादळ' मीच खोडलं होतं, एका प्रश्नात एकच विषय चालतो."

"अरे, मग बदल की!"

"बदलू ना. सह्या गोळा कर."

वादळ गावाला वळसा घालून गेलं, नशीब. पण पुढच्या वेळेचं काय? मार्ग शेवटी ब्रेकीबाईंनीच काढला. आता आभाळ काळवंडलं की मी आधी पळत जातो, गवताची एक पेंढी पेटवतो, ग्रोव्हर घसा साफ करून जाहीर करतो, "आग लागली आहे," आणि मग भोंगा... काय करता?

अहो, मागच्या रांगेतले, खिडकीतून जरा पश्चिमेकडं बघा हो... तीच काळी सोंड आहे का?... बरं, बरं, गडबड नको. काडेपेटी आहे का कुणाकडं?